रक्तातला टाऊ आणि फौंड्रीतले कान

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गप्पांत सध्या नवा विषय आहे. साखर झाली, कोलेस्टेरॉल झालं, आता ‘विसरण्याच्या आजाराची रक्तचाचणी’. व्हॉट्सअ‍ॅपवर तसा मजकूर फिरतोय आणि कुणी ना कुणी विचारतंच, "सर, रक्तातनंच कळतंय म्हणं आता. करून घेऊ काय?"

बातमी खरी आहे. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. पण ही मान्यता 55 वर्षांवरच्या आणि विसरण्याची लक्षणं दिसू लागल्यावर तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांपुरती आहे. मजकूर पुढे ढकलता ढकलता नेमकं हेच वाक्य वाटेत गळून पडलं.

डिमेन्शिया हा एकच रोग नव्हे. स्मरण, भाषा, हिशेब इतके ढासळतात की रोजचं कामही जमेनासं होतं, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के आहे, म्हणजे अंदाजे 88 लाख माणसं. उरलेल्या ब्याण्णव टक्क्यांहून अधिक लोकांना तो नसतो, तेव्हा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही.

आता चाचणीकडे वळू, कारण तिच्यामागचं रसायन मला भलतंच आवडतं. अल्झायमरमध्ये दोन प्रथिनं बिघडतात. बीटा-अमायलॉइड चेतापेशींच्या बाहेर साचतं आणि टाऊचे पेशींच्या आत गुंते होतात. अमायलॉइड साचायला लागतं ते विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. टाऊ मुळात गुणी प्रथिन आहे. चेतापेशीच्या लांब तंतूत सूक्ष्मनलिका असतात आणि पेशीचा माल त्यांच्यावरून ये-जा करतो. उसाच्या मोळीला वाढ्यांचा बंध असतो तसा टाऊ या नलिकांना धरून ठेवतो. हा बंध सोडता-आवळता येतो. टाऊवर ठरावीक जागी फॉस्फेटचा गट बसला की तिथे ऋणभार येतो, आणि नलिकेचा पृष्ठभागही ऋणभारितच असल्यामुळे पकड सैल पडते. एक विकर (एन्झाइम) फॉस्फेट बसवतं, दुसरं काढतं, आणि निरोगी मेंदूतही हा उद्योग अखंड चालू असतो. टाऊच्या सर्वांत लांब रूपात 441 अमिनो आम्लं असतात. त्यांतलं 217 वं थ्रिओनिन. त्यावर फॉस्फेट बसलेला टाऊ म्हणजे पी-टाऊ 217.

गंमत पुढे आहे. अमायलॉइडचे साठे वाढू लागले की चेतापेशी 217 व्या जागी फॉस्फेट असलेला टाऊ जास्त प्रमाणात बनवून बाहेर सोडतात. पेशी मेली, फुटली आणि आतलं सांडलं, असा हा प्रकार नाही. जिवंत पेशीच तो सोडते. त्याचे तुकडे मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतात, तिथून रक्तात. म्हणून टाऊचे गुंते मेंदूभर पसरण्याच्या कितीतरी आधी रक्तातला पी-टाऊ 217 चढू लागतो. आपण मोजतो टाऊ आणि खबर मिळते अमायलॉइडची!

रक्तात तो असतो तरी किती? एका मिलिलिटरमागे पिकोग्रॅमच्या मापात. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घ्यायचं, यंत्रात फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करायचा. मग एक प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारं प्रथिन) फॉस्फेटवाली 217 वी जागाच तेवढी पकडतं, दुसरं त्याच रेणूचा दुसरा भाग धरतं, आणि दोन्ही बाजूंनी पकडल्या गेलेल्या रेणूंचाच प्रकाश यंत्रात मोजला जातो. मान्यता मिळालेल्या चाचणीत या टाऊला अमायलॉइड 42 ने भागतात. मेंदूत अमायलॉइड अडकून पडलं की रक्तातलं अमायलॉइड 42 घटतं. अंश वाढतो, छेद घटतो, आणि फरक ठळक होतो.

मान्यतेसाठी 499 नमुने तपासले गेले. ‘आहे’ असा निकाल आलेल्यांपैकी 91.7 टक्के लोकांच्या मेंदूत खरोखरच अमायलॉइड होतं. मात्र हे सगळे तक्रार घेऊन आलेले रुग्ण होते. काही त्रास नसलेली पन्नाशीची हजार माणसं घ्या. या वयात साधारण दहा टक्क्यांच्या मेंदूत अमायलॉइड असतं, म्हणजे शंभर जण. चाचणी दोन्ही बाजूंनी नव्वद टक्के अचूक धरली, तर शंभरातले नव्वद सापडतील, आणि उरलेल्या नऊशेतही नव्वद जणांना खोटा ‘आहे’ मिळेल. म्हणजे ‘आहे’ मिळालेल्यांतले निम्मे लोक विनाकारण धास्तावणार. खरे नव्वद आहेत, त्यांच्यातल्याही अनेकांना हयातीत डिमेन्शिया होणार नाही. शिवाय मूत्रपिंडं थकलेली असली तर हा टाऊ नुसताच चढा दिसू शकतो. मधुमेहाने मूत्रपिंडं गेलेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तेव्हा धडधाकट माणसाने तपासणीच्या पॅकेजात ही चाचणी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्मरणशक्तीच्या गोळ्यांचंही तेच. गिंको बिलोबा या झाडाच्या पानांचा अर्क 3,069 ज्येष्ठांना देऊन अमेरिकेत पाहिलं, निकाल 2008 मध्ये आला: डिमेन्शिया टळला नाही. जाहिराती मात्र टळत नाहीत. आणि म्हातारी संध्याकाळी समोर नसलेली माणसं दिसतात म्हणायला लागली की तिला देवऋषाकडे नेणारी घरंही आहेत. तिथे उतारा होतो, आणि थायरॉइड किंवा बी-12 च्या कमतरतेसारखं दुरुस्त होणारं कारण असलं तर ते तसंच राहतं.

मग हाताशी काय आहे? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये बदलता येण्याजोगे 14 धोके मांडले. ते सगळे दूर झाले तर जगातला सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, एकटेपणा ही ओळखीची नावं यादीत आहेतच. लहानपणी शिक्षण कमी मिळणं हाही त्यातला एक धोका. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा म्हातारपणी कामी येणारी मेंदूची शिल्लक वाढवणं हा हेतू अर्थातच नव्हता, पण परिणाम त्या दिशेचाच.

यादीतला जड धोका आहे बहिरेपणा, आणि तो आपल्याकडे दुर्लक्षित आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) कडा ग्राइंडरने घासणाऱ्या माणसाशेजारी पाच मिनिटं उभं राहा, म्हणजे कळेल. गणपतीतल्या डॉल्बीची भर वेगळीच. कमी ऐकू येणारा माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो, आणि धूसर आवाज उलगडण्यातच मेंदूची बरीच ताकद खर्ची पडते. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर श्रवणयंत्राने फरक पडला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांची बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. हा निकाल 2023 चा.

घरातलं कुणी वारंवार विसरतंय, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकतोय, असं दिसलं तर डॉक्टर आधी तोंडी चाचणी घेतात. न शिकलेल्यांसाठी अशीच एक चाचणी हरियाणातल्या बल्लभगढच्या संशोधनातून तयार झाली. तिच्यात वाक्य लिहायला लावत नाहीत, घराविषयी काही सांगा म्हणतात. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावतात. तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. ती नावं मुळात ऐकूच आली नाहीत तर आठवणार कुठून? म्हणून जाताना आधी कान दाखवून घ्यावेत. कधी कधी नुसता मळच निघतो.