तांबड्या विंचवाचे विष

तांबडा विंचू (शास्त्रीय नाव होटेंटोटा टॅम्युलस, जुन्या लेखनात ब्यूथस किंवा मेसोब्यूथस टॅम्युलस) हा भारतातील सर्वांत घातक विंचू. फॅब्रिशियस यांनी 1798 मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. कोकणात तो जांभ्याच्या भेगांत, गडग्यांत, पेंढ्याखाली आणि लाकूडफाट्यात राहतो. लांबी साधारण 5 ते 9 सेंमी., चिमटे बारीक, शेपूट जाड. याउलट आकाराने दांडगी, जाड चिमट्यांची काळी इंगळी दिसायला भयंकर. पण तिच्या दंशाने सहसा वेदनेपलीकडे फारसे काही होत नाही. प्रयोगशाळेत आलेल्या विंचवाची जात आधी पक्की करणे म्हणूनच पहिले काम. इथे चूक झाली तर पुढचे सगळे आकडे वाया जातात.

विंचू रात्री अतिनील दिव्याच्या प्रकाशात हिरवट-निळे चमकतात. त्यावरूनच ते शोधले जातात. नुकतीच कात टाकलेले विंचू मात्र चमकत नाहीत आणि शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. विषाच्या दोन ग्रंथी नांगीच्या शेवटच्या फुगीर भागात असतात. तिथे सौम्य विजेचा झटका देऊन टोकावर आलेला थेंब काचेच्या केशनलिकेत घेतात. आधी पारदर्शक आणि मागून दुधी विष येते. आफ्रिकेतील पॅराब्यूथस विंचवावर 2003 मध्ये झालेल्या अभ्यासात पहिल्या थेंबात पोटॅशियम क्षारांचे प्रमाण फार आढळले. म्हणजे तत्काळ वेदना देणारे स्वस्त द्रव्य आधी, महागडी प्रथिने नंतर. झटका जोराचा बसला तर ग्रंथीतील पेशींचा चोथाही विषात उतरतो. एकाच विंचवाचे विष लागोपाठ काढले तर ते विरळ मिळते. म्हणून मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ देतात. विष पाण्यात मिसळून, केंद्रोत्सारकाने (गरगर फिरवून जड भाग तळाशी बसवणाऱ्या यंत्राने) चिकट श्लेष्मा वेगळा करून, गोठवून सुकवतात व अतिथंड ठेवतात. पुढे द्रव वर्णलेखनाने, म्हणजे द्रावण बारीक भरणाच्या नळीतून सोडून, घटक वेगळे होतात. अगदी विरळ द्रावणातील पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतात आणि ‘विष निकामी’ असा खोटा निष्कर्ष निघतो. ते टाळण्यासाठी द्रावणात थोडे अल्ब्युमिन हे प्रथिन घालतात.

विषाचे खरे बळ छोट्या प्रथिनांत आहे. सोडियम वाहिन्यांवर (पेशीच्या पटलातील, सोडियम आत सोडणाऱ्या दारांवर) काम करणारी विषे 60 ते 70 अमिनो आम्लांची व चार डायसल्फाइड (गंधकाच्या) बंधांनी घट्ट आवळलेली असतात. मज्जातंतूतील सोडियम वाहिनी उघडते आणि एरवी काही सहस्रांश सेकंदांत मिटते. अल्फा गटाचे विष बाहेरून चिकटून हे मिटणे लांबवते, त्यामुळे एका संदेशाच्या जागी संदेशांची माळ सुटते. पोटॅशियम वाहिन्या अडवणारी पेप्टाइडे याहून लहान. याच विंचवातून मिळालेले 37 अमिनो आम्लांचे इबेरियोटॉक्सिन कॅल्शियमने उघडणाऱ्या मोठ्या पोटॅशियम वाहिन्या नेमक्या बंद करते. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंचा अभ्यास करणाऱ्यांचे ते नेहमीचे हत्यार झाले आहे.

विंचू चावल्यावर ऊती सडत नाहीत, रक्त पातळ होत नाही, सूजही फारशी येत नाही. मारतात ती शरीराची स्वतःचीच रसायने. आधी मज्जातंतूंतून ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सुटते: उलट्या, लाळ, घामाने डबडबणे, मुलग्यांत लिंगाची ताठरता. मागोमाग ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा लोट येतो. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदयाच्या स्नायूवर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. दंशाच्या जागी नुसतीच तीव्र कळ असेल तर सहसा धोका कमी. कळ थोडी, पण घाम व गार हातपाय असलेल्या मुलाकडे आधी धावावे लागते.

हे ओळखले महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. धोक्याच्या पूर्वलक्षणांवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1982 साली आला, प्राझोसिनच्या वापरावरचा 1986 साली. प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध अल्फा ग्राहक (रक्तवाहिन्यांवरील, ॲड्रेनॅलिन जिथे चिकटते त्या जागा) अडवून आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत; महाडच्या नोंदींत हे प्रमाण पुढे 1 टक्क्याच्या आसपास आले. मात्रा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी. औषध दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवायचे. मूल कडेवर उभे धरले तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. हळूहळू विरघळणारी गोळी इथे कुचकामी. ॲट्रोपिन घाम व लाळ थांबवते खरे, पण हृदयाची गती व रक्तदाब आणखी वाढवते. मंत्राने विंचू ‘उतरतो’ तो बहुधा मुळातच सौम्य दंश असतो. गंभीर दंशात त्यापायी मोलाचे तास जातात.

मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांपासून प्रतिविष तयार होते. ते रक्तात फिरणारे विष पकडते. आधीच सुटलेल्या ॲड्रेनॅलिनपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून दोन्ही औषधे एकत्र देऊन पाहण्यात अर्थ होता. महाडमध्ये 70 रुग्णांवर झालेल्या व 2011 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण असे: प्रतिविष आणि प्राझोसिन घेतलेल्या 35 पैकी 32, नुसते प्राझोसिन घेतलेल्या 35 पैकी 8.

गुंता वेगळाच आहे. कोकणातील आणि घाटावरील तांबड्या विंचवांच्या विषातील पेप्टाइडांचे प्रमाण सारखे नसते. घोड्यांना टोचलेले विष एकाच टापूतले असेल, तर दुसऱ्या टापूतल्या दंशावर ते प्रतिविष कमी पडू शकते.