सोनखाण-भ्रमंती

जुन्या, बंद पडलेल्या व चालू सोन्याच्या खाणी आणि त्यांच्या परिसरातील अवशेष पाहण्यासाठी केलेला प्रवास. प्रस्तुत नोंदीत ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने विचार केला आहे. पारसिकचा डोंगर किंवा तुर्भ्याच्या दगडखाणी दख्खनच्या बेसाल्टातील आहेत. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. दक्षिणेतील सोने मुख्यतः २५० कोटी वर्षांहून जुन्या धारवाडी खडकांत, क्वॉर्ट्झच्या म्हणजे गारेच्या शिरांत आढळते. त्यामुळे कल्याण, पुणे, सोलापूर, वाडी या लोहमार्गाने रायचूर गाठावे लागते. तेथून कर्नाटकातील हट्टी ही सोन्याची खाण सुमारे ८० किमी. आहे.

हट्टीच्या प्राचीन खाणकामाचा काळ वादग्रस्त आहे. मोहें-जो-दडोच्या सोन्यात चांदीचा अंश असल्याने ते कोलार-अनंतपूरकडचे असावे, असे मत पूर्वी मांडले गेले. परंतु केवळ मिश्रणावरून उगम ठरवणे धाडसाचे आहे. त्या मानाने जुन्या खोदकामात सापडलेल्या लाकडांचे कार्बन-१४ कालमापन अधिक विश्वसनीय वाटते. त्यावरून हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ठरते. अर्थात या पद्धतीने झाड वाढल्याचा काळ कळतो, ते तोडून खाणीत वापरल्याचा नव्हे. आधाराचे लाकूड जुन्या झाडाच्या गाभ्याचे असेल, तर प्रत्यक्ष काम काही दशके अलीकडचेही असू शकते. येथील प्राचीन खोदकाम सुमारे दोनशे मीटर खोल गेले होते. खडक आगीने तापवून त्यावर पाणी ओतत व तडकलेला भाग काढत. लेण्यांतील छिन्नीच्या खुणा ओळखणाऱ्या ठाणेकराने येथे गोलसर, खोलगट भिंती आणि भूपृष्ठावर धातुक (सोने असलेला खडक) कुटण्याचे दगडी खळगे पाहावेत. हेच येथील खरे वैभव होय.

जवळच्या मस्की येथील अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये सी. बीडन या सोनखाण अभियंत्याला आढळला. त्यात अशोकाचे नाव स्पष्ट येते, म्हणून त्याचे महत्त्व विशेष. मौर्यांच्या दक्षिण प्रांताची राजधानी सुवर्णगिरी कोठे होती, यावर मस्की, कनकगिरी व जोन्नगिरी असे तीन पक्ष आहेत. नामसादृश्य कनकगिरीला अनुकूल आहे. जोन्नगिरीच्या बाजूने मात्र जवळच्या एर्रगुडी येथील अशोकाच्या शिलालेखांचा आधार असल्याने तो पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

कर्नाटकातीलच कोलारच्या सोनखाणींचे आधुनिक खाणकाम जॉन टेलर कंपनीने १८८० पासून वाढवले. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून तेथे वीज आली. चॅम्पियन रीफ खाण तीन किमी.हून खोल गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये कोलारच्या खोल खाणीत वातावरणीय न्यूट्रिनोंची (वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची) नोंद केली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. बंगारपेट–मारिकुप्पम शाखेवरील उरगाव, चॅम्पियन ही स्थानके व सोने काढून उरलेल्या सायनाइडयुक्त गाळाच्या टेकड्या आजही दिसतात. या टेकड्यांवर चढू नये; पाण्याने भरलेल्या उभ्या कूपकांजवळही (खाणीत उतरण्याच्या विहिरींजवळही) जाऊ नये.

हट्टीची खाण चालू असून तिची कंपनी १९४७ मध्ये स्थापन झाली. भूमिगत भाग पाहण्यासाठी कंपनीची पूर्वपरवानगी घ्यावी.