खराटा, मिरची आणि गिरणीची चिमणी

इंद्रभुवन, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, सिद्धेश्वर तलाव यांचे फोटो सोलापुरात कोण काढत नाही? हल्ली चादरींच्या थप्प्या आणि कडक भाकऱ्यांची चळतही मोबाइलमध्ये उतरते. फोटोत काय कुठे असावं ही चर्चा निघाली की आधी येतो तो चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवण्याचा नियम. मोबाइलच्या पडद्यावर त्याच्या रेघाही आयत्या मिळतात.

हा नियम कॅमेऱ्याहून जुना. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने तो १७९७ मध्ये निसर्गचित्रांसंदर्भात मांडला. फोटोग्राफी जगासमोर जाहीर झाली १८३९ मध्ये. उसन्या आणलेल्या या नियमाला आज जेवढा मान मिळतो, त्याच्या निम्मा पुरे, असं माझं मत.

वस्तू आणि इमारती मात्र कॅमेऱ्याच्या सोबतीला पहिल्यापासून आहेत. फ्रान्सच्या निएप्स या फोटोग्राफीच्या आद्य प्रयोगकर्त्याने १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून टिपली ती छपरं आणि भिंतीच. चित्र उमटायला इतका वेळ लागे की माणूस तेवढा स्थिर बसणं अशक्य. भिंत बिचारी कुठे जाते! १८४४ पासून इंग्लंडच्या टॅल्बट या सुरुवातीच्या छायाचित्रकाराने हप्त्याहप्त्याने छापलेल्या पुस्तकात चिनी मातीची भांडी आहेत, आणि उघड्या दाराशी तिरका टेकवलेला एक खराटाही. आत काळोख, बाहेर ऊन. विषय काहीच नाही, तरी नजर हलत नाही.

पुढे अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये घरातले वाडगे इतक्या जवळून घेतले की उरले फक्त गोलावे आणि सावल्या. त्याच्याच देशातल्या एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये एक भोपळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. नरसाळ्याच्या आतून परतणाऱ्या उजेडामुळे तिची वळणं उठून आली. शेंगाचटणीच्या वाटीला हीच युक्ती लावून पाहायला हरकत नाही.

इमारतींची वाट वेगळी. १८५५ मध्ये मुंबई इलाख्याने कॅप्टन बिग्ज यांना जुन्या वास्तूंची छायाचित्रं घेण्याच्या कामावर नेमलं. आपल्या शेजारच्या विजापूरचे घुमट त्यांनी टिपले. काम नोंदीचं, त्यामुळे वास्तू सरळ, नीट दिसणं महत्त्वाचं. मोबाइल वर करून गिरणीची चिमणी घेतली तर ती मागे कललेली दिसते, कारण मोबाइल तिरका होताच उभ्या रेषा वर एकमेकींकडे सरकतात. भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यांत चित्र उमटवणारी काच उभीच ठेवून नुसतं भिंग वर उचलता येई. आपल्याला ती सोय नाही. लांब जायचं, नाहीतर समोरच्या गच्चीवर चढायचं.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे असेच सरळ समोरून, ढगाळ उजेडात टिपले आणि एका जातीच्या वास्तू शेजारी शेजारी मांडल्या. सोलापूरच्या गिरण्यांना तीन भागांच्या रेघांपेक्षा ही पद्धत जास्त शोभते. ढगाळ उजेडासाठी मात्र इथे पावसाळ्याची वाट पाहावी लागणार.

सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. तिचे जुने फोटो कुणाकडे असतील तर तारीख आणि कुठे उभं राहून काढला, एवढं त्यावर लिहून ठेवा. चिमणी कललेली असली तरी चालेल.