कॉमेक्स आणि ॲपल: गेलेल्या इंटर्नशिपमागचा इतिहास

ऑक्टोबर २०१२ मध्ये निकोलस अलेग्रा या जेमतेम विशीतल्या मुलानं ट्विटरवर जाहीर केलं की वर्षभर काम केल्यानंतर आता आपला ॲपलशी काही संबंध उरलेला नाही. इंटर्न येतात नि जातात, त्याची बातमी होत नाही. याची झाली, कारण आयफोनची कुलपं तोडणाऱ्यांच्या जगात हा मुलगा ‘कॉमेक्स’ या नावानं ओळखला जायचा, आणि त्या जगात त्याच्या तोडीचं तेव्हा फारसं कुणी नव्हतं. ‘फोर्ब्ज’च्या अँडी ग्रीनबर्गनं कारण विचारलं. अलेग्रानं सांगितलं ते ऐकून पुण्या-मुंबईतला कुठलाही प्लेसमेंट ऑफिसर कपाळावर हात मारून घेईल: काम पुढे चालू ठेवण्याच्या ऑफरचा ई-मेल आला होता, आणि त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. प्रकरण याहून थोडं गुंतागुंतीचं आहे असंही तो म्हणाला, पण तपशील सांगायला त्यानं नकार दिला.

बहुतेक बातम्यांनी हे ‘विसराळू हॅकर’ म्हणून हसण्यावारी नेलं. माझ्या मते त्या ई-मेलपेक्षा त्याच्या आधीची पाच वर्षं जास्त महत्त्वाची आहेत. अशा माणसाचं करायचं काय, हे त्या काळात कंपन्यांनाच कळलेलं नव्हतं. कोर्टात खेचायचं, दुर्लक्ष करायचं की नोकरीवर घ्यायचं, याचा रोज वेगळा निर्णय होत होता.

आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीला आला तो एटी अँड टी या एकाच मोबाइल कंपनीला बांधलेला. त्यावर बाहेरचं ॲप टाकायची सोय नव्हती. ॲप स्टोअर यायला अजून वर्ष होतं. दोन महिन्यांत न्यू जर्सीच्या जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलानं फोन उघडून, सोल्डरिंग करून तो इतर नेटवर्कवर चालवून दाखवला. असा एक मोकळा केलेला फोन देऊन त्यानं बदल्यात निस्सान ३५०झेड ही गाडी आणि तीन नवे आयफोन मिळवले. सप्टेंबरात स्टीव्ह जॉब्सला लंडनमध्ये याबद्दल विचारलं, तेव्हा हा उंदीर-मांजराचा खेळ आहे असं तो म्हणाला. यातलं मांजर कोण, हे आपल्यालाही नक्की माहीत नाही, अशी पुस्तीही त्यानं जोडली होती.

हा खेळ आपल्याकडेही पोचला होता. भारतात आयफोन अधिकृतपणे आला ऑगस्ट २००८ मध्ये, एअरटेल आणि व्होडाफोनतर्फे, आठ जीबीचा ३१,००० रुपयांना. पण त्याआधीच अमेरिकेतल्या मामा-काकांच्या बॅगेतून तो घरोघरी यायला लागला होता. तो फोन इथल्या सिमवर चालायचा नाही. मग तो हाजी अलीच्या हीरा पन्नासारख्या बाजारात न्यायचा. तिथला पोरगा लॅपटॉपला वायर जोडून ‘जेलब्रेक करके देता हूँ’ म्हणायचा आणि पैसे रोख घ्यायचा. ती करामत मुळात कुणाची, हे ना त्याला ठाऊक असायचं ना आपल्याला.

जेलब्रेक म्हणजे नेमकं काय, ते इथेच सांगून टाकतो. आयफोनमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या बंद कप्प्यात चालतं आणि ॲपलची सही नसलेला कोड फोन चालूच देत नाही. ही दोन्ही बंधनं मोडायची तर ॲपलच्या प्रोग्रॅममधली एखादी चूक शोधून तिच्या वाटेनं आत शिरावं लागतं. त्यामुळे प्रत्येक जेलब्रेकच्या पोटात एक खरीखुरी सुरक्षा-त्रुटी असते. फोनच्या मालकाला मोकळीक देणाऱ्या त्याच वाटेनं चोरही आत येऊ शकतो. पुढचा सगळा तंटा याच एका गोष्टीतून निघाला.

अलेग्रा न्यूयॉर्क राज्यातल्या चॅपाक्वा गावचा. प्रोग्रॅमिंगचं औपचारिक शिक्षण जवळपास नाही. लहानपणी व्हिज्युअल बेसिकपासून सुरुवात करून सगळं स्वतःच शिकलेला. आयफोनच्या आधी त्याचा हात निन्टेंडोच्या वी या खेळयंत्रावर बसला होता. २००९ चं ‘बॅनरबॉम्ब’ हे त्याचंच काम. एसडी कार्डावर मुद्दाम बिघडवलेली एक फाइल ठेवली की वी परक्याचा कोड चालवायला लागायचं.

१ ऑगस्ट २०१० रोजी त्यानं ‘जेलब्रेकमी’ या संकेतस्थळाची दुसरी आवृत्ती काढली. पहिली, २००७ सालची, दुसऱ्या लोकांची होती. त्यात टिफ चित्रांच्या प्रोग्रॅममधली चूक वापरली होती. नव्या आवृत्तीत लॅपटॉप, वायर, काहीच लागत नव्हतं. फोनच्या सफारीत पान उघडायचं, पट्टी बोटानं सरकवायची, संपलं. त्या वेळच्या बातम्यांनुसार पोरं ॲपलच्याच दुकानात जाऊन टेबलावर मांडलेले फोन जेलब्रेक करायला लागली, आणि दुकानांच्या वाय-फायवर ते पान बंद करण्याची पाळी ॲपलवर आली.

वेळही अशी जुळून आली, की मुद्दाम साधली असं वाटावं. जेमतेम आठवडाभर आधी, २६ जुलैला, कॉपीराइटचं काम पाहणाऱ्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातून फोनच्या जेलब्रेकला सूट दिली होती. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं ती मागितली होती, ॲपलनं विरोध केला होता. म्हणजे स्वतःचा फोन फोडणं आता गुन्हा नव्हतं. पण फोडण्याचं साधन बनवणाऱ्याचं काय, याचं उत्तर या सुटीत स्पष्ट नव्हतं.

ॲपलनं दहा दिवसांत, ११ ऑगस्टला, पॅच (चूक बुजवणारी दुरुस्ती) काढला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये आयओएस ४.३ (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी मूळ प्रणाली) आलं, त्यात आणखी एक मोठी भिंत उभी केली: प्रोग्रॅम मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी मांडला जाऊ लागला. हल्ला करणाऱ्याला आपल्याला हवा असलेला तुकडा कुठे बसलाय तेच कळू द्यायचं नाही, ही त्यामागची कल्पना.

६ जुलै २०११ ला जेलब्रेकमीची तिसरी आवृत्ती आली आणि ही भिंतही गेली. जाणकारांनी अलेग्राला उस्ताद मानलं ते या आवृत्तीवरून, म्हणून इथे जरा थांबतो. पीडीएफमध्ये जो फॉन्ट येतो तो म्हणजे अक्षरांची चित्रं नव्हेत. जुन्या टाइप १ पद्धतीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर हा एक इवलासा प्रोग्रॅम असतो: इथून रेघ ओढ, तिथे वळ, हा आकडा बाजूला ठेव, तो परत घे. हे हुकूम वाचून अक्षर काढण्याचं काम फ्रीटाइप नावाचा प्रोग्रॅम करतो. त्यातल्या एका हुकुमाला ‘किती आकडे’ हे सांगावं लागतं, आणि तिथे उणे संख्या आली तर काय, हे फ्रीटाइप तपासत नव्हता. उणे संख्या दिली की आकडे ठेवायची जागा भलतीकडेच सरकायची. अलेग्रानं मग अक्षराच्या त्या प्रोग्रॅमकडूनच आजूबाजूची मेमरी वाचून घेतली, तिथल्या पत्त्यांवरून प्रोग्रॅम या वेळी कुठे मांडला गेलाय त्याचा हिशोब करवला, आणि त्या हिशोबावर पुढचा हल्ला रचला. भिंत पाडायचं सगळं काम एका फॉन्टनं केलं! मॅक आणि आयफोनमधल्या त्रुटी शोधण्यात नाव कमावलेल्या चार्ली मिलरसारख्या संशोधकालाही, हे इतक्या लवकर कुणाला जमेल असं वाटलं नव्हतं.

जर्मनीच्या माहिती-सुरक्षा खात्यानं लगेच इशारा दिला की याच वाटेनं गुन्हेगार आयफोनमध्ये शिरू शकतील. यावर अलेग्राचं उत्तर मजेशीर होतं. जेलब्रेकबरोबरच त्यानं त्याच त्रुटीचा पॅचही देऊ केला होता. ॲपलचा पॅच १५ जुलैला आला. त्यामुळे मधले नऊ दिवस विचित्र स्थिती होती: ज्यांनी फोन फोडून तो पॅच बसवला ते सुरक्षित, आणि जे ॲपलचे नियम पाळून बसले ते उघड्यावर.

ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रीनबर्गनं त्याला शोधून काढून त्याचं खरं नाव छापलं. तेव्हा तो आई-वडिलांकडे राहत होता, ब्राउन विद्यापीठातून सुटी घेतली होती आणि कुठे इंटर्नशिप मिळते का ते बघत होता. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यानं स्वतःच सांगून टाकलं: मजा आली, पण आता कंटाळा आलाय, आठवड्या-दोन आठवड्यांत ॲपलमध्ये इंटर्न म्हणून रुजू होतोय. जॉब्सनं मुख्याधिकारीपद सोडलं तेही त्याच आठवड्यात. त्यामुळे कॉमेक्सची बातमी एरवी झाली असती त्यापेक्षा लहान राहिली.

ॲपल एकाएकी उदार झालं म्हणून हे घडलं, असं मानायचं कारण नाही. ते वर्षच तसं होतं. जानेवारी २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ फोडल्याबद्दल सोनीनं हॉट्झवर खटला भरला. त्याच जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्यानं त्याच हॉट्झला जाहीरपणे विंडोज फोन देऊ केला: घे, यावर काहीतरी कर. एप्रिलमध्ये सोनीनं तडजोड केली, आणि त्यानंतर काही आठवड्यांत हॉट्झ फेसबुकमध्ये नोकरीला लागल्याची बातमी आली. तिथेही तो वर्षभर टिकला नाही. खुद्द ॲपलनं त्याच उन्हाळ्यात पीटर हाजस या कॉलेजच्या मुलाला घेतलं होतं. जेलब्रेक केलेल्या फोनांसाठी त्यानं सूचना (नोटिफिकेशन) दाखवण्याची एक नवी पद्धत बनवली होती, आणि आयओएस ५ मध्ये तिच्याशी मिळतीजुळती सोय दिसली.

हे सगळं चाललं असताना ॲपलकडे नसलेली गोष्ट म्हणजे बाहेरच्या माणसानं त्रुटी कळवली तर मोबदला देण्याची व्यवस्था. गूगलनं आपल्या क्रोम ब्राउझरसाठी ती जानेवारी २०१० मध्ये सुरू केली होती. फेसबुकनं जुलै २०११ च्या अखेरीस केली, किमान ५०० डॉलर. ॲपल त्रुटी शोधणाऱ्याचे आभार मानायचं, नाव छापायचं, बस्स. नोव्हेंबर २०११ मध्ये तर मिलरनं एक साधं शेअर-भावाचं ॲप ॲप स्टोअरमध्ये मंजूर करून घेऊन त्यातून बाहेरचा, सही नसलेला कोड चालवून दाखवला, तेव्हा ॲपलनं त्याला डेव्हलपर (ॲप बनवणाऱ्यांच्या) कार्यक्रमातून वर्षभरासाठी हाकललं. मिलर तेव्हा या क्षेत्रातला नावाजलेला सल्लागार होता आणि त्रुटी त्यानं आधी कळवलीही होती. म्हणजे त्याच शरद ऋतूत ॲपलच्या एका दारानं कॉमेक्स आत आला होता आणि दुसऱ्या दारानं मिलर बाहेर गेला.

मग इंटर्नशिप कशासाठी? मला ती तात्पुरती सोय वाटते. कायम नोकरी द्यायची तर मुलाचं शिक्षण अर्धवट. मोबदला द्यायचा तर तसं खातंच नाही. आणि बाहेर सोडला तर पुढच्या जुलैत चौथी आवृत्ती. इंटर्न म्हणून घेतलं की गोपनीयतेच्या करारावर सही होते आणि जेलब्रेक थांबतं. पण इंटर्नशिप म्हणजे मुदतीचा कागद. मुदत संपली की नवं पत्र, त्याला ठरलेल्या दिवसांत होकार, नाहीतर आपोआप नकार. कंपनीचं हे यंत्र दरवर्षीच्या मुलांच्या घाऊक भरतीसाठी बनवलेलं असतं. समोरच्यानं दोन उन्हाळ्यांत दोनदा आपला फोन उघडून दाखवलाय, याची त्यात कुठेही नोंद नसते. उत्तर द्यायला विसरणं ही अलेग्राची चूक खरीच. पण एक फोन करून ‘अरे बाबा, येतोयस ना?’ असं विचारायला कुणी नव्हतं, किंवा कुणाला विचारावंसं वाटलं नाही, हेही तितकंच खरं. त्यानं स्वतः आदळआपट केली नाही. वाईट वाटलं, पण निस्तरता येईल असं दिसलं नाही, एवढंच तो म्हणाला. एप्रिल २०१३ मध्ये बातमी आली की तो गूगलमध्ये चाललाय. पुन्हा इंटर्न म्हणूनच.

इंटर्नशिप जाण्याचं दुसरं गाजलेलं उदाहरण २०१५ चं, आणि ते अगदी वेगळ्या जातीचं आहे. हार्वर्डचा विद्यार्थी आरन खन्ना फेसबुकमध्ये इंटर्न म्हणून जायच्या बेतात होता. मेसेंजरवरच्या प्रत्येक संदेशाबरोबर आपण कुठे आहोत हेही जातं, तेही मीटरभराच्या अचूकतेनं, हे त्याच्या लक्षात आलं. मे अखेरीस त्यानं क्रोमसाठी एक छोटं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा प्रोग्रॅम) काढलं. ते हे सगळे बिंदू नकाशावर मांडून दाखवायचं; कोणता मित्र कोणत्या वसतिगृहात झोपतो तेही कळे. सुमारे ८५,००० लोकांनी ते उतरवून घेतलं. फेसबुकनं सांगताच त्यानं ते बंद केलं, तरीही इंटर्नशिप रद्द झाली. त्यानं साइटवरची माहिती नियम मोडून वापरली, असं कंपनीचं म्हणणं. यात खन्नानं काही फोडलं नव्हतं. फेसबुक जे सगळ्यांना आधीच पाठवत होतं, ते त्यानं फक्त दिसेल असं केलं. नऊ दिवसांत फेसबुकनं मेसेंजरचं नवं रूप आणलं, त्यात ठावठिकाणा आपणहून पाठवला तरच जातो.

ॲपलनं मोबदल्याचा कार्यक्रम जाहीर केला तो ऑगस्ट २०१६ मध्ये, तोही फक्त निवडक आमंत्रितांसाठी, कमाल दोन लाख डॉलरचा. तो सगळ्यांना खुला करण्याची आणि रक्कम दहा लाखांपर्यंत नेण्याची घोषणा ८ ऑगस्ट २०१९ ला लास व्हेगसमध्ये झाली. पुढच्याच आठवड्यात ॲपलनं कोरेलियम या कंपनीवर खटला भरला. संशोधकांना संगणकावर आभासी आयफोन चालवायला देणारी ही कंपनी, आणि तिच्या संस्थापकांत जेलब्रेकच्या दुनियेतली जुनी मंडळी. आदल्या वर्षी ॲपल तीच कंपनी विकत घ्यायची बोलणी करत होतं, हे खटल्यात बाहेर आलं. डिसेंबर २०२० मध्ये फ्लोरिडातल्या न्यायाधीशांनी कॉपीराइटच्या मुद्द्यावर कोरेलियमच्या बाजूनं कौल दिला. शेवटची तडजोड व्हायला २०२३ उजाडलं.

त्याच २०२० च्या जुलैपासून ॲपल निवडक संशोधकांना एक खास आयफोन वापरायला देतं. त्यावर हवा तो कोड चालतो आणि आतली यंत्रणा पाहायला कुलपं तोडावी लागत नाहीत. फोन बारा महिन्यांच्या बोलीवर मिळतो, मुदत वाढवून घेता येते, मालकी ॲपलचीच राहते आणि रोजच्या वापरासाठी तो न्यायचा नाही, अशी अट आहे.