पार्श्वभूमी : बाहेर म्हणजे किती बाहेर?

“बॅकअप आहे ना?”

“आहे की. हा काय, इथेच.”

सीए, वकील, ट्रान्स्पोर्टवाले, सोसायट्यांचे हिशेब लिहिणारे, अशा मुंबईतल्या लहान ऑफिसांत हे बोलणं मी तीसेक वर्षं ऐकत आलोय. ‘इथेच’ म्हणजे बहुतेकदा सर्व्हरच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर. त्यात एक पोर्टेबल हार्ड डिस्क, केबल रबर बँडने गुंडाळलेली. सर्व्हरची डिस्क बसली तर ही कामाला येते, त्यात वाद नाही. पण आग, पाणी किंवा चोर आला तर तो ड्रॉवर तेवढा वगळून जात नाही. म्हणून एक प्रत जागेबाहेर ठेवायची. तिला आता सगळे ऑफसाइट बॅकअप म्हणतात.

कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. बदलत गेलं ते ‘बाहेर’चं माप, आणि तेही बहुतेक वेळा काहीतरी घडून गेल्यावरच.

ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले कारभारी लंडनला पत्र धाडत तेव्हा एका जहाजावर विसंबत नसत. मूळ पत्र एका जहाजाने गेलं की त्याची नक्कल पुढच्या जहाजाने, कधी तिसरीही. जहाज बुडे, लुटलं जाई, महिनोन्‌महिने बेपत्ता होई. शिवाय कौन्सिलच्या बैठकांत काय झालं त्याच्याही नकला विलायतेला जात. त्यात जपणुकीचा विचार फारसा नव्हता. तिकडच्या साहेबांना इकडच्या साहेबांवर नजर ठेवायची होती, इतकंच. पण त्यामुळे मुंबई इलाख्याच्या कारभाराचे कागद आज काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात सापडतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची जोडप्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत.

आपल्या सराफ्याची रीत मला याहून नेटकी वाटते. हुंडी, म्हणजे दुसऱ्या गावी पैसे द्यायला सांगणारी चिठ्ठी, हरवली तर पेढी तिची दुसरी प्रत लिहून देई. तिला पेठ म्हणत. पेठही गहाळ झाली तर तिसरी, ती परपेठ. बॅकअपला मराठीत शब्दच नाही म्हणणाऱ्यांनी हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. पेठ देता येई, कारण मूळ हुंडीची नोंद पेढीच्या वहीत असे. जिथे पैसे द्यायचे त्या गावच्या पेढीलाही आपली वही ठेवावी लागे. एका गावात आग लागली तरी दुसऱ्या गावची वही शाबूत.

मुंबईत संगणक संशोधनाच्या दारातून आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेलं यंत्र १९६० साली पूर्णपणे चालू झालं आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं बारसं केलं. तिकडे अमेरिकेत त्याच्या आधीच जागेबाहेर जपणूक करण्याचा धंदा उभा राहिला होता, आणि तोही अळंब्यांच्या खाणीत. हर्मन नाउस्ट नावाच्या व्यापाऱ्याने न्यूयॉर्क राज्यातली एक रिकामी लोखंडाची खाण अळंब्या पिकवायला घेतली होती. तो व्यवसाय आटत चालला तेव्हा, १९५१ साली, त्याने त्याच खाणीत कंपन्यांचे कागद ठेवून घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांना धास्ती होती अणुबॉम्बची. आयर्न माउंटन ही आज जगभर पसरलेली कंपनी त्यातून निघाली. कागदांच्या मागोमाग चुंबकीय टेपाही त्या डोंगरात गेल्या.

टेपांबरोबर एक शिस्त आली. रोजची टेप म्हणजे मुलगा, आठवड्याची बाप, महिन्याची आजोबा. मुलाच्या टेपवर पुन्हा पुन्हा लिहायचं, आजोबांना हात लावायचा नाही आणि त्यांना घराबाहेर ठेवायचं. (घरातल्या आजोबांना हे ऐकवू नये.)

आमच्याकडे ही शिस्त डब्याच्या पिशवीतून आली. नव्वदच्या दशकात मी एका लहान सहकारी बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात होतो. संध्याकाळी डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करणं, झालं की टेप ड्राइव्ह घरघरायला लागे. ते थांबेपर्यंत उठायचं नाही. मग कार्ट्रिज प्लॅस्टिकच्या डबीत घालायची, लेबलवर तारीख टाकायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. शुक्रवारची कार्ट्रिज दुसऱ्या शाखेच्या लॉकरमध्ये जाई. ती नेणारा शिपाई ती जेवणाच्या रिकाम्या डब्याशेजारी ठेवत असे. लोकलच्या मोटरच्या डब्यात बसू नकोस, चुंबकाने टेप पुसते, असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. खरंखोटं कुणी तपासलं नाही, पण तो शेवटपर्यंत मोटरचा डबा टाळत राहिला.

लहान ऑफिसांना टेप ड्राइव्ह परवडत नसे. तिथे फ्लॉपी, १.४४ एमबीची. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा त्याहून मोठा झाला की एआरजे या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने तुकडे करायचे आणि एकामागून एक फ्लॉपी घालत बसायचं. सहा फ्लॉप्यांचा गठ्ठा, वर स्केचपेनने आकडे. परत चढवताना तिसऱ्या फ्लॉपीवर ड्राइव्ह कुरकुरायचा आणि पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ यायचं. आर दाबायचा, पुन्हा आर, पुन्हा आर. बॅकअप घेणं आणि तो रिस्टोर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या आर बटणावर शिकलो.

याच काळात मोठ्या संस्थांसाठी ‘बाहेर’चं माप बदलत होतं. २६ फेब्रुवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला. त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, १२ मार्चला, मुंबईतल्या साखळी स्फोटांपैकी एक शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरात झाला. तेव्हा आपला बाजार रिंगणात ओरडून चालायचा. ‘बोल्ट’ ही पडद्यावरची यंत्रणा १९९५ मध्ये आली. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरचे टॉवर कोसळले तेव्हा मात्र सगळं यंत्रांवर होतं. कॅन्टर फिट्झजेराल्ड या रोखे-दलाली कंपनीची ६५८ माणसं त्या दिवशी गेली. तरी रोखे बाजार १३ तारखेला उघडला तेव्हा तिच्या ईस्पीड या उपकंपनीची यंत्रणा चालू होती, कारण दुसरा संच नदीपलीकडे न्यू जर्सीत होता. त्यानंतर ‘शेजारच्या इमारतीत ठेवलाय’ हे उत्तर बँका आणि बाजारांच्या बैठकांत चालेनासं झालं.

लहान ऑफिसांना यातलं काही कळलं नाही. त्यांना शिकवलं २६ जुलै २००५ ने. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांतला. कुर्ल्याच्या बाजूला एका कर सल्लागाराचं तळमजल्यावरचं ऑफिस मी सांभाळत असे. दोन दिवसांनी शटर उघडलं. भिंतीवर छातीच्या उंचीला काळसर रेघ होती. सीपीयूच्या खाचांतून गाळ बाहेर आला होता. बॅकअपच्या सीड्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, कारण वरची फळी देवाच्या तसबिरीला आणि दिवाळीच्या भेटवस्तूंना. सीडी धुतली तर वाचते, पण यांच्यावर कागदी लेबलं चिकटवलेली. पाण्याने लेबल फुगलं होतं आणि सोलताना त्याबरोबर सीडीचा चंदेरी थरच निघून येत होता. शेवटी डेटा मिळाला तो त्यांच्या भागीदाराच्या डोंबिवलीच्या घरून. मार्चअखेरीला घरी काम करायचं म्हणून त्याने एक सीडी नेली होती आणि परत आणायची विसरला होता. एप्रिल ते जुलै पुन्हा हाताने भरलं.

पुढच्या वर्षभरात माझ्या ओळखीतले बरेच सर्व्हर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर गेले. बाहेर म्हणजे वर, असं नवीन माप. ते सात वर्षं टिकलं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली ती चौथ्या मजल्यावर, आणि चढत गेली वरच.

मग प्रत तारेवरून शहराबाहेर का पाठवत नव्हते? कारण तार बारीक होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. फोनच्याच तारेवर चालणारा २८.८ केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला, तरी एक फ्लॉपी वर चढवायला सात मिनिटं आणि १०० एमबीला जवळजवळ आठ तास. मध्ये घरच्यांनी फोन उचलला की सगळं पहिल्यापासून. ब्रॉडबँड आलं, २००६ मध्ये ॲमेझॉनने एस३ ही साठवण भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू ‘क्लाउडवर आहे’ हे ‘इथेच’ची जागा घेणारं उत्तर झालं. भारतातली केंद्रं त्यानंतर आली. मायक्रोसॉफ्टची २०१५ मध्ये मुंबई, पुणे आणि चेन्नई अशी तीन, ॲमेझॉनचं २०१६ मध्ये मुंबईत.

इथे गंमत आहे. दादरच्या ऑफिसने सेवा घेताना वेग चांगला म्हणून ‘मुंबई’ हाच विभाग निवडला, तर प्रत ऑफिसबाहेर गेली खरी, पण महानगराबाहेर गेली नाही. एकाच आवारात प्रत ठेवल्याने काय होतं ते फ्रान्समध्ये दिसलं. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं आणि काही ग्राहकांच्या मूळ फायलींबरोबर त्याच आवारातल्या प्रतीही गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ८५८ टेराबाइट फायली नष्ट झाल्या, कारण त्यांची बाहेर प्रतच नव्हती.

शेअर बाजारांपुरतं सेबी या त्यांच्या नियामकाने माप आकड्यात सांगितलं आहे. आपत्तीत काम चालू ठेवायचं दुसरं केंद्र, म्हणजे डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइट, शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात असावं. ते जमत नसेल तर निदान ५०० किलोमीटर दूर. पुणे, नाशिक बाद. राष्ट्रीय शेअर बाजाराची डीआर साइट चेन्नईला आहे, मुंबई शेअर बाजाराची हैदराबादला. पण केंद्र असणं वेगळं आणि ते वेळेवर वापरणं वेगळं. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार अकरा चाळीसला थांबला तो पावणेचारला सुरू झाला. चेन्नईकडे जाणं झालंच नाही. महिन्याभरात सेबीने बजावलं की अडचण आल्यापासून तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून पंचेचाळीस मिनिटांत दुसऱ्या केंद्रावर जायचं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी दोन्ही बाजारांनी मुद्दाम सत्र ठेवून चालू व्यवहार दुसऱ्या केंद्रावर नेऊन दाखवले.

अंतराचा हा सगळा हिशेब एका घटनेपुढे मात्र गडबडतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मेर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बसवली. न्हावा शेवाला जेएनपीटी बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या कुठल्या माणसाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते, जगभर विखुरलेले, एकमेकांची प्रत सतत घेणारे. एवढ्या प्रती असताना सगळ्यांचा बॅकअप कशाला, असा हिशेब असावा. ते सगळे जोडलेले असल्यामुळेच गेले. वाचला एक, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो बंद होता. तिथलं इंटरनेट इतकं संथ की डेटा पाठवायला काही दिवस लागले असते. मग एक कर्मचारी विमानाने नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात डिस्क दिली आणि ती लंडनला पोचली. आमच्या शिपायाची पिशवीच, फक्त विमानात.

तेव्हापासून ‘बाहेर’मध्ये ‘तारेपासूनही बाहेर’ हे आलं. छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रुळवलेलं ३-२-१ चं सूत्र (तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर) पुष्कळांना माहीत असतं; आता त्यात आणखी एक जोडतात, कशालाच न जोडलेली प्रत. क्लाउडमधल्या ड्राइव्हवर आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरला बॅकअप समजणाऱ्यांनी हे वाचावं. विषाणूने ऑफिसातली फाइल कुलूपबंद केली की सिंक इमानेइतबारे तीच कुलूपबंद फाइल वर चढवतं. जुनी आवृत्ती ठेवण्याची सोय चालू असेल आणि तिची मुदत संपली नसेल, तरच सुटका.

कायदा या रांगेत उशिरा आला. कंपन्यांच्या हिशेबांच्या २०१४ च्या नियमांत इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याची अट होती, पण ‘ठरावीक काळाने’. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या जागी ‘रोज’ आलं. हे कंपन्यांना लागू. भागीदारीतलं ऑफिस, वकिलाची चेंबर किंवा हाउसिंग सोसायटी यांना हा नियम बांधत नाही.

कुर्ल्याच्या त्या सल्लागारांचं ऑफिस आता दादरला तिसऱ्या मजल्यावर आहे. क्लाउडचा विभाग आम्ही मुद्दाम हैदराबादचा घेतलाय. शिवाय दोन हार्ड डिस्का आलटून पालटून शुक्रवारी भागीदाराबरोबर डोंबिवलीला जातात, डब्याच्या पिशवीतच. अंतर पन्नास किलोमीटरही नाही आणि २००५ मध्ये त्या बाजूलाही पाणी होतंच. त्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे.