इब्न तिब्बोन घराणे

अरबी ग्रंथ हिब्रूत आणणाऱ्या ज्यू अनुवादकांचे मध्ययुगीन घराणे. मूळ ग्रानाडाचे, बाराव्या-तेराव्या शतकांतील त्याचे कार्य मुख्यतः दक्षिण फ्रान्समधील ल्यूनेल, मार्सेय व माँपेल्ये येथे झाले.

मुस्लिम स्पेनमधील ज्यू पंडित कविता हिब्रूत करीत. तत्त्वज्ञान, वैद्यक यांवर मात्र अरबीत लिहीत, तेही बहुधा हिब्रू लिपीत. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद या मुस्लिम राजवटीने धर्माची सक्ती आरंभल्यावर अनेक ज्यू कुटुंबे उत्तरेच्या ख्रिस्ती मुलखात गेली. तेथील ज्यूंना अरबी वाचता येत नव्हते, आणि ग्रंथ तर अरबीत. यहूदा इब्न तिब्बोन (सु. ११२०–९०) हा त्यांतलाच एक निर्वासित, पेशाने वैद्य. ल्यूनेलच्या पंडितांच्या आग्रहावरून त्याने बाह्या इब्न पाकुदाचा नीतिग्रंथ ११६१ मध्ये हाती घेतला व ११६७ मध्ये कवी यहूदा हालेवीचा ‘खुजारी’ हा ज्यू धर्माच्या समर्थनाचा ग्रंथ हिब्रूत आणला. मुलासाठी त्याने लिहिलेले उपदेशपत्र फार बोलके आहे : हिब्रू पुस्तके महिन्यातून एकदा व अरबी दोन महिन्यांतून एकदा तपास, उसनी दिलेल्या पुस्तकाची नोंद ठेव, अरबी अक्षर गिरवीत राहा. मुलगा आळशी आहे, अशी तक्रारही त्यात आहे.

तोच मुलगा, शमुवेल, घराण्यात सर्वांत मोठा ठरला. ईजिप्तमधील ज्यू तत्त्वज्ञ व वैद्य मायमॉनिडीझ याच्या ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या अरबी ग्रंथाचा अनुवाद करताना त्याने शंका थेट लेखकालाच कळविल्या. ११९९ च्या उत्तरात मायमॉनिडीझने बजावले, की शब्दाला शब्द ठेवू नये; आधी आशय पुरता समजून घ्यावा. भेटीला येण्याचा शमुवेलचा बेतही त्याने मोडून काढला : सुलतानाच्या दरबारातून दुपारनंतर उपाशी घरी यावे, तर ओसरीवर रोगी खोळंबलेले. अनुवाद नोव्हेंबर १२०४ मध्ये पुरा झाला. पुढच्याच महिन्यात मायमॉनिडीझ वारला.

शमुवेलची खरी झुंज शब्दांशी होती. अरबीत ‘कैफ’ (कसे) पासून ‘कैफिय्या’ (गुण) होतो. त्या धर्तीवर त्याने हिब्रू ‘एख’ पासून ‘एखूत’ घडविला. (मराठी दप्तरांतील ‘कैफियत’ त्याच अरबी शब्दाची.) अशा अपरिचित शब्दांचा कोशही त्याने अनुवादाला जोडला. त्याची भाषा अचूक, पण अवघड. अल्-हरीझी या ज्यू कवीने त्याच ग्रंथाचा केलेला दुसरा अनुवाद सुबोध, पण सैल. आणि गंमत अशी, की लॅटिन भाषांतर मुख्यतः त्या सैल अनुवादावरून झाले. ख्रिस्ती तत्त्वज्ञ टॉमस अक्वाय्नसपर्यंत मायमॉनिडीझ पोचला तो या वाटेने.

शमुवेलचा जावई याकोब अनातोली नेपल्सला सम्राट दुसरा फ्रीड्रिख याच्या आश्रयाने राहिला. तेथे १२३२ मध्ये त्याने मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्दची ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरील भाष्ये हिब्रूत आणली. ख्रिस्ती अनुवादक मायकेल स्कॉट याची मते त्याने आपल्या प्रवचनांत नाव घेऊन उद्‌धृत केली, ही त्या काळी धिटाईच होती. शमुवेलचा मुलगा मोशे याने १२७० मध्ये यूक्लिडचा भूमितीवरील ग्रंथ हिब्रूत आणला.

याकोब बेन माखिर (मृ. सु. १३०४) हा याच घराण्यातील, माँपेल्येचा ज्योतिर्विद. त्याने वेधासाठी सुधारलेले पादयंत्र (ग्रहताऱ्यांची उंची मोजण्याचे पाव वर्तुळाचे उपकरण) लॅटिन जगात ‘नवे पादयंत्र’ म्हणून चालले. ‘प्रोफातियस’ या नावाने कोपर्निकसनेही १५४३ च्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. पंचविशीच्या आत ग्रीक तत्त्वज्ञान शिकू नये, असा फतवा बार्सेलोनाच्या ज्यू धर्मगुरूंनी १३०५ मध्ये काढला. त्या फतव्याकडे नेणाऱ्या चळवळीला याकोबचा कडवा विरोध होता. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या राजाने आपल्या राज्यातून ज्यूंना हाकलले.