डेटा सेंटरचं भंगार आपल्या टेबलाखाली कसं आलं

सर्व्हरमधून काढलेला बारा कोअरचा (म्हणजे एकाच चिपमध्ये बारा मेंदू असलेला) प्रोसेसर इंटेलच्या नव्या आय३ पेक्षा स्वस्त कसा काय, चोरीबिरीचा आहे का, असं मामाने मला एकदा विचारलं होतं आणि खरं सांगायचं तर प्रश्न रास्तच आहे. चोरीचा नसतो. पण एवढा स्वस्त का, आणि मुळात घरच्या कॉम्प्युटरात चालतो तरी कसा, हे समजायला पंचवीसेक वर्षं मागे जावं लागतं.

नव्वदच्या दशकात मोठे सर्व्हर म्हणजे सनचे स्पार्क, आयबीएमचे पॉवर, डेकचे अल्फा. ती जातच वेगळी, त्यामुळे बाद झालेला सर्व्हर कोणी फुकट दिला तरी घरी आणून करणार काय, आपले नेहमीचे प्रोग्रॅम त्यावर चालायचेच नाहीत. जून १९९८ मध्ये इंटेलने पेंटियम टू झिऑन काढला, म्हणजे घरच्या पेंटियमचाच सर्व्हरसाठीचा मोठा भाऊ, जास्त कॅशवाला (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी). आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास, १९९९ मध्ये, गूगलवाले साध्या पीसीचे मदरबोर्ड शॉर्ट होऊ नयेत म्हणून खाली कॉर्कचे पत्रे टाकून रॅकमध्ये रचत होते आणि त्यावर सर्च इंजिन चालवत होते. हळूहळू डेटा सेंटरांमध्ये सगळीकडे एक्स८६च, म्हणजे घरच्या पीसीच्याच जातीचे प्रोसेसर, झाले. घरातला माल तिकडे गेला, म्हणून तिकडचा माल पुढे घरात येऊ शकला.

आता स्वस्ताईचं कारण. कंपनीच्या वहीत सर्व्हरची किंमत तीन-चार वर्षांत शून्य व्हायची. प्रोसेसर काही तेवढ्यात मरत नाही हो, त्यात हलणारं काहीच नसतं, मरतात ते पंखे, डिस्क, पॉवर सप्लाय. पण डेटा सेंटरवाल्याला रॅकमधली जागा आणि विजेचं बिल दिसतं, नवी पिढी तेवढ्याच विजेत जास्त काम करत असेल तर जुनी बाहेर, आणि बाहेर म्हणजे एक-दोन नाही तर हजारोंनी एकदम. रॅमचंही तसंच, सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डात चालत नाही, म्हणून ती रद्दीच्या भावात.

पहिली मजा आली ती ७७१ च्या स्टिकरने. घरच्या कोअर २ प्रोसेसरसाठी इंटेलचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, होतं एलजीए ७७५ आणि २००६ मध्ये आलेल्या झिऑनांसाठी एलजीए ७७१, दोन्ही दिसायला जवळपास सारखी. झिऑन ई५४५० म्हणजे ३ गिगाहर्ट्झ, चार कोअर, १२ एमबी कॅश. कोअर २ क्वाड क्यू९६५० म्हणजेसुद्धा ३ गिगाहर्ट्झ, चार कोअर, १२ एमबी. आतली चिप तीच, उलट झिऑनला वॉट कमी लागायचे, ८० विरुद्ध ९५. फरक एवढाच की दोन पिनांची अदलाबदल केलेली आणि कडेच्या खाचा वेगळ्या जागी. मग कोणीतरी नखाएवढं स्टिकर बनवलं जे त्या दोन पिना उलटसुलट जोडतं, सॉकेटमधले प्लास्टिकचे दोन कंगोरे ब्लेडने कापायचे, बायोसमध्ये (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) झिऑनचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) घालायचा, झालं. २०१३ च्या आसपास हा प्रकार जोरात होता, क्यू९६५० सेकंडहँडमध्येसुद्धा भाव खात होता आणि ई५४५० ला कोणी विचारत नव्हतं. पुढे पुढे तर चीनमधले विक्रेते स्टिकर लावून, नवीन खाचा पाडूनच प्रोसेसर पाठवायला लागले. मी तेव्हा घरच्याच ब्लेडने केलं होतं, कंगोरा कापताना दोन पिना वाकवल्या, मग सुईने सरळ करत बसलो अर्धी रात्र. चालला मात्र नंतर बरीच वर्षं.

त्यानंतरच्या एलजीए १३६६ ला तर जुगाडसुद्धा लागला नाही. एक्स५८ बोर्डावर आय७ ९२० घेतलेल्यांनी नुसता बायोस अपडेट केला आणि सहा कोअरचा झिऑन एक्स५६५० बसवला.

पण हे सगळं करावंसं का वाटत होतं? माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं खरं कारण इथे आहे आणि ते कोणी फारसं सांगत नाही. क्यू६६०० हा चार कोअरचा प्रोसेसर जानेवारी २००७ ला आला, आणि जानेवारी २०१७ ला आलेला आय७ ७७००के, तोही चार कोअरचाच. दहा वर्षं! साध्या माणसाच्या बजेटमधला डेस्कटॉप चारवर अडकून राहिला आणि तिकडे सर्व्हर मात्र सहा, आठ, बारा, अठरा असे चढत गेले. म्हणजे व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्या पोराला जास्त कोअर हवे असतील तर भंगाराशिवाय दुसरा परवडणारा रस्ताच नव्हता.

मग आला पूर. झिऑन ई५-२६७० हा मार्च २०१२ चा, आठ कोअर सोळा थ्रेड (एकेक कोअर दोन कामं सांभाळतो), नवा असताना दीड हजार डॉलरच्या वर. २०१६ च्या सुरुवातीला मोठ्या डेटा सेंटरांनी काढलेला माल बाजारात ओतला गेला आणि हाच प्रोसेसर सत्तर डॉलरच्या आसपास आला. दोन-दोन घेऊन लोक घरात बत्तीस थ्रेडची मशिनं बांधायला लागले. अडचण बोर्डाची होती. त्याच्या एलजीए २०११ सॉकेटचा चांगला ब्रँडेड बोर्ड सेकंडहँडमध्येसुद्धा प्रोसेसरच्या कितीतरी पट महाग, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ही फट शेन्झेनने भरली. हुआनान, मशिनिस्ट, जिंगशा अशा नावांचे बोर्ड यायला लागले, वर मोठ्या अक्षरात एक्स७९ किंवा एक्स९९ ही इंटेलच्या महागड्या चिपसेटची नावं लिहिलेली, पण चिपसेट (बोर्डावरची मदतनीस चिप) बघावा तर कधी जुन्या सर्व्हर बोर्डावरून काढलेला, कधी चक्क बी७५ किंवा एच८१ सारखा साध्या ऑफिस पीसीचा. चालायचं, कारण मेमरी आणि ग्राफिक्सच्या लेन थेट प्रोसेसरमधूनच येतात, चिपसेटकडे उरतं यूएसबी, साटा वगैरे. भंगारातला चिपसेट, भंगारातला प्रोसेसर, भंगारातली रॅम, नवीन फक्त बोर्डाची पाटी. ब्राझील आणि रशियात, जिथे नव्या पार्टचे भाव सोसत नाहीत, तिथे हे तुफान चाललं.

यातच काही गूढ मॉडेल सापडली. ई५-२६६६ व्ही३ (व्ही३ म्हणजे तिसरी पिढी) हा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडसाठी वेगळा बनवलेला. ई५-२६७८ व्ही३, बारा कोअरचा, डीडीआर४ बरोबर डीडीआर३ पण घेतो, म्हणून जुनी सर्व्हर रॅमच परत वापरता येते. आणि व्ही३ पिढीची आणखी एक खोड लोकांनी शोधली. एरवी पूर्ण टर्बो, म्हणजे नेहमीपेक्षा चढवलेला वेग, एक-दोन कोअरलाच मिळतो, सगळे कोअर कामाला लागले की वेग खाली येतो. पण बायोसमधून मायक्रोकोडचा अपडेट काढून टाकला आणि सोबत एक छोटा ड्रायव्हर घातला तर सगळे कोअर वरच्या टर्बोवर धावतात, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा ई५-२६२० व्ही३ सहाच्या सहा कोअरवर ३.२ ला. व्ही४ मध्ये ही खोड गेली.

इंटेलनेही एक दार लावलं. ई३-१२३० हा झिऑन २०११ पासून साध्या बोर्डात बसायचा, आय७ सारखेच आठ थ्रेड आणि भाव कमी, फक्त ग्राफिक्स नाही. लोक तो नवाच घ्यायचे. २०१५ मध्ये स्कायलेक पिढीचा ई३ व्ही५ आला तेव्हा सॉकेट घरच्यासारखंच ठेवलं, पण साध्या चिपसेटवर चालणं बंद, सी२३२ किंवा सी२३६ वाला सर्व्हर बोर्ड घ्या म्हणे.

आपल्याकडे ही कथा जरा वेगळ्या वाटेने आली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचं नेहरू प्लेस, इथे सुटे प्रोसेसर कमी आणि कंपन्यांनी बदललेली अख्खी वर्कस्टेशनं जास्त, एचपी झेड४२०, डेल टी३६०० वगैरे. माझं मत विचाराल तर नवशिक्याने हेच घ्यावं, निदान बोर्ड धड असतो. तरी पारखून घ्यायचं, झेड४२० मध्ये बायोसचा बूट ब्लॉक (सुरुवातीचा पक्का भाग) २०११ च्या तारखेचा असेल तर व्ही२ झिऑन चालत नाही, २०१३ चा लागतो, आणि तो साध्या अपडेटने बदलत नाही. चिनी बोर्ड लोक अलीएक्सप्रेसवरून मागवायचे, नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ते अ‍ॅप बंद केलं, मग जे काही येतं ते इथल्या आयातदारांमार्फत, भाव चढवून.

ओहोटी कधी लागली म्हणाल तर मार्च २०१७. इंटेलच्या स्पर्धक एएमडीने रायझन आणला, आठ कोअर घरच्या भावात, त्याच वर्षी इंटेलपण सहावर आलं. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षेची भोकं उघडकीला आली, त्यांच्या पॅचने जुन्या चिपा आणखी मंदावल्या. २०२१ च्या विंडोज ११ च्या यादीत यातला एकही जुना झिऑन नाही. एक्स५६५० ला एव्हीएक्स नावाच्या नव्या सूचना कळत नाहीत म्हणून काही गेम उघडतच नाहीत. आणि वीज, जुनं मशिन १०० वॉट जास्त खात असेल आणि रोज आठ तास चालत असेल तर महिन्याला २४ युनिट, हा हिशोब प्रोसेसर घेताना कोणी करत नाही. तिकडे मोठ्या कंपन्याही शहाण्या झाल्या, गूगलने २०२३ पासून सर्व्हरचं आयुष्य वहीत सहा वर्षं धरायला सुरुवात केली, म्हणजे माल बाहेर पडतो तोच जास्त म्हातारा होऊन.

आता एएमडीचे जुने एपिक नावाचे सर्व्हर प्रोसेसर बाहेर यायला लागलेत आणि तिथे नवीनच भानगड आहे. काही सर्व्हर कंपन्या सिक्युरिटीसाठी पहिल्याच बूटला प्रोसेसरच्या आतला फ्यूज जाळून तो आपल्या बोर्डांशी कायमचा बांधून टाकतात, मग दुसऱ्या कंपनीच्या बोर्डात तो चालूच होत नाही, आणि जळलेला फ्यूज कुठल्या स्टिकरने जोडता येत नाही. त्यामुळे सेकंडहँड एपिक घ्यायचा तर कोअर किती हे नंतर, आधी विचारायचं की हा काढलाय कुठल्या बोर्डातून.